धूळपाटीवरचा ज्ञानकोश

महाराष्ट्रात जळकोट नावाची दोन गावे आहेत. एक तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या जवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. दुसरे आमचे, लातूर जिल्ह्यातले, १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झालेले. लांबच्या पाहुण्याला पत्ता सांगताना ‘उदगीरजवळचे’ असे शेपूट जोडावेच लागते, नाहीतर पाहुणा नळदुर्गला उतरून आमची वाट बघत बसतो. माणसांच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येते, पण माहितीच्या कोशात एका गावाची लोकसंख्या दुसऱ्या गावाच्या नावावर चढली तर ती दुरुस्त करायची कोणी आणि कधी? छापील ग्रंथात उत्तर ठरलेले असते: पुढच्या आवृत्तीत. ती आवृत्ती निघेलच अशी खात्री कोणीही देत नाही. मराठी विकिपीडियावर मात्र एकाच नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवणाऱ्या पानाला एक खास नाव आहे, निःसंदिग्धीकरण. उच्चारताना जीभ अडखळते, पण काम चोख. आणि हे पान आपल्यापैकी कोणीही तयार करू शकतो.

आज मला बोलायचे आहे ते या ‘कोणीही’विषयी. माझे सगळे आयुष्य औद्योगिक प्रशिक्षण देण्यात, वीजतंत्रीच्या मुलांना मोटार, स्टार्टर आणि वायरिंग शिकवण्यात गेले. या मुलांच्या हातात मी यंत्र देऊ शकत होतो, पण त्या यंत्राची मराठीतली माहिती क्वचितच देऊ शकत होतो. खोक्यातून निघणारे माहितीपत्रक इंग्रजीत असे आणि मुलगा ते घडी करून परत खोक्यातच ठेवी. म्हणून तांत्रिक माहिती आपल्या भाषेत कोण लिहितो, कशी लिहितो आणि चुकली तर कोण सुधारतो, हा प्रश्न मला कायम पोटापाण्याचा वाटत आला आहे. विकी हे त्याचे अलीकडचे उत्तर. त्याआधीची उत्तरेही आपल्याच मुलखात शोधली गेली, आणि त्यांतले एक तर आमच्या निजामी राजवटीत.

आधी विकीचेच बघू. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने मार्च १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. ज्ञानकोश वगैरे त्याच्या मनातही नव्हते. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींना कामात वारंवार येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे तोडगे एका जागी नोंदवता यावेत, एवढाच हेतू. म्हणजे मुळात हे तांत्रिक टिपणांचे दप्तर होते. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना इकडून तिकडे नेणाऱ्या बसला ‘विकी विकी’ म्हणत. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. ते नाव कनिंगहॅमने उचलले. पान वाचता वाचता एक कळ दाबायची, लिहायचे आणि जतन करायचे, परवानगी कोणाची नको. संगणकाच्या क्षेत्रात हे फार उपयोगी पडले, कारण तिथे प्रोग्राम आज बदलतो आणि त्याची पुस्तिका सहा महिन्यांनी. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत कामाला लागलेली आमच्याकडची मुले सुट्टीवर आली की सांगत, ‘सर, आमच्याकडे सगळं विकीवर असतं.’ त्या वेळी मला वाटे, हे कसले तरी कपाट असावे.

दुसरी गोष्ट परवान्याची. अमेरिकेतल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने २००० साली पुस्तिकांसाठी एक परवाना प्रसिद्ध केला. प्रोग्राम मोकळा असेल तर त्याची पुस्तिकाही मोकळी हवी, कोणालाही ती छापता, वाटता आणि सुधारता यावी, असा त्याचा आशय. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला तेव्हा त्याने हाच परवाना घेतला आणि तो २००९ पर्यंत वापरला. जगातला सगळ्यात मोठा ज्ञानकोश पहिली आठ वर्षे तांत्रिक पुस्तिकांच्या परवान्यावर चालला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच मंडळींनी आधी ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश काढला होता. त्यात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्या चढून जाई. तीन वर्षांत पुरे झालेले लेख दोन-अडीच डझनांच्या पुढे गेले नाहीत. विकिपीडिया सुरुवातीला त्याचे कच्चे काम करण्यासाठी ठेवलेला गडी होता. गडी मालकापेक्षा मोठा झाला आणि २००३ मध्ये मालकाचे दुकान बंद झाले.

विकी कशी चालते हे गावाकडच्या माणसाला समजावताना मी सातबाऱ्याचे उदाहरण देतो. जमिनीची खरेदी झाली की तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, क्रमांक टाकून नोंद घेतो. चावडीवर नोटीस लागते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर ती तक्रारीच्या वेगळ्या वहीत जाते, सुनावणी होते. नाही घेतली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मग सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. त्या क्रमांकाचा माग काढत गेलात तर आजोबा-पणजोबांच्या व्यवहारांपर्यंत पोचता येते. आमच्या मराठवाड्यात तो माग सहसा १९५४-५५ च्या खासरा पहाणी पत्रकावर जाऊन थांबतो आणि वकील मंडळी तिथून पुढे तोंडी पुराव्यावर येतात.

विकीच्या प्रत्येक पानामागे अशीच फेरफाराची वही असते. तिला तिथे ‘इतिहास’ म्हणतात. कोणी, किती वाजता, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, सगळे त्यात राहते. जुने पान पुसले जात नाही, त्याला फक्त कंस होतो. कोणी मुद्दाम खोडी केली तर एका कळीत मागचे पान परत आणता येते. हरकतीची वहीसुद्धा आहे, तिचे नाव ‘चर्चा’. फरक एकच, पण मोठा. तलाठ्याकडे आधी हरकत आणि मग नोंद. विकीवर आधी नोंद आणि मग हरकत. पुष्कळांना हे आक्रीत वाटते. आपली सगळी व्यवस्था संशयावर उभी आहे, आणि ही भरवशावर. पण संशयाची किंमत आपण कधी मोजत नाही. न्यूपीडियाने ती मोजून दिली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्या काळात संगणकावर मराठी लिहिणे हेच एक दिव्य होते. एका फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी आकडे आणि खुणा नाचत. युनिकोड आले, प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा एकच क्रमांक मिळाला, तेव्हा कुठे हे लफडे मिटले. त्या दिवसांत या कामाला लागलेल्या मूठभर स्वयंसेवकांचे मला दोन कारणांनी कौतुक वाटते. त्यांनी लेख लिहिले हे एक. आणि त्यांनी त्या परक्या यंत्रणेला मराठी नावे ठेवली हे दुसरे.

ही नावे बघा. सगळ्यांनी जमून बोलायच्या जागेला त्यांनी म्हटले ‘चावडी’. देखरेख करणाऱ्याला ‘प्रचालक’. ज्या पानांवर आपले लक्ष आहे त्यांच्या यादीला ‘पहाऱ्याची सूची’; शेतातल्या माचाणावर रात्र काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपोआप चालणारा, सांगितले तेवढेच करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला जगभर बॉट म्हणतात. मराठीत तो झाला ‘सांगकाम्या’. इतका नेमका आणि इतका मिश्कील शब्द एखाद्या सरकारी समितीतून बाहेर पडला असता, असे मला वाटत नाही. नवख्या माणसाने चुकतमाकत लिहून बघायची जी जागा असते, तिला इंग्रजीत वाळूची पेटी म्हणतात. आपल्याकडे मुले वाळूच्या पेटीत शिकली नाहीत. ती पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षर गिरवत शिकली. म्हणून मराठीत ती जागा ‘धूळपाटी’. हात फिरवला की अक्षर गेले, परत गिरवा.

आता मागे जाऊ. उदगीरचा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, निजामाच्या हैदराबाद राज्यात. त्या राज्यात १९१७ साली एक धाडसी प्रयोग सुरू झाला. उस्मानिया विद्यापीठ काढायचे ठरले आणि तिथे गणितापासून वैद्यक-अभियांत्रिकीपर्यंत सगळे उर्दूतून शिकवायचे ठरले. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या आधुनिक विद्यापीठांपैकी हे एक. पण पुस्तके कुठून आणायची? म्हणून विद्यापीठाच्या आधी भाषांतराचे खाते उभे राहिले, ‘दारुल तर्जुमा’. त्याची सुरुवातीची सूत्रे मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हे गृहस्थ आपल्या औरंगाबादेत बरीच वर्षे शिक्षण खात्यात होते. त्या खात्यात एका बाजूला विषयाचे जाणकार बसत, दुसऱ्या बाजूला भाषेचे. एकेका संज्ञेवर खल चाले. शब्द अरबी-फारसीतून घडवावा की इथल्या बोलीतून, यावर दोन तट पडले. वहीदुद्दीन सलीम यांनी संज्ञा कशा घडवाव्यात यावर १९२१ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि त्यात इथल्या देशी शब्दांची बाजू उचलून धरली. ज्यांना जोश मलिहाबादी हे शायर म्हणून माहीत आहेत, त्यांना कदाचित हे ठाऊक नसेल की त्यांनीही काही वर्षे या भाषांतराच्या कचेरीत नोकरी केली.

माझ्या लहानपणी गावातल्या उर्दू माध्यमात शिकलेल्या वडीलधाऱ्यांना त्रिकोण म्हणजे ‘मुसल्लस’ होता, कोन म्हणजे ‘जाविया’ आणि सरळ रेषा ‘खत-ए-मुस्तकीम’. आम्ही शाळेतून त्रिकोण आणि कोन घेऊन घरी यायचो. गणित तेच, आकृती तीच, पण बाप मुलाचा अभ्यास घेऊ शकत नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात आले, उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली, १९५६ मध्ये आम्ही मराठी मुलखाला जोडले गेलो. ते योग्यच झाले, आमचीच माणसे त्यासाठी लढली होती. पण एका पिढीने मिळवलेले शास्त्राचे शब्द एका रात्रीत निकामी झाले, हेही खरे आहे, आणि त्याबद्दल मराठवाड्यात फारसे कोणी बोलत नाही. दारुल तर्जुमाच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. पण तिथले शब्द हैदराबादच्या खोलीत ठरले आणि मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलखावर उतरले. खालच्या माणसाला ते वापरायचा हुकूम होता, बदलायची सोय नव्हती.

इकडे ब्रिटिश मुलखात त्याच सुमारास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर मराठी ज्ञानकोशाच्या मागे लागले होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून, डॉक्टरेट मिळवून आलेला हा माणूस. त्यांनी १९१६ मध्ये नागपुरात ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. राजाश्रय नाही, सरकारी अनुदान नाही. १९२० च्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. एकट्याचे नाव मुखपृष्ठावर असले तरी मागे संपादकांचे मंडळ राबत होते. त्यातले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला, आणि आमच्यासारख्यांसाठी मोलाचे म्हणजे १९४८ मध्ये शास्त्रीय परिभाषा कोश काढला. हे केतकर १९३१ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि ते संमेलन कुठे भरले? हैदराबादेत. एकाच शहरात उर्दूचे संज्ञाकार आपल्या कचेरीत बसलेले आणि मराठीचा ज्ञानकोशकार व्यासपीठावर उभा. त्यांची भेट झाली असती तर शब्दांवरून काय रंगले असते, अशी कल्पना मी पुष्कळदा करतो.

स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र झाल्यावर, १९६० मध्ये हे काम राज्याने अंगावर घेतले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. परिभाषेचा संग्रह १९७३ मध्ये आला, पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, ते काम अर्ध्यावर ठेवूनच. विश्वकोशातली शास्त्रावरची नोंद मी आजही आदराने उघडतो. तिचे मराठी घट्ट आहे, खाली लिहिणाऱ्याचे नाव आहे. विकिपीडियाच्या पानाखाली असे एक नाव नसते आणि त्यामुळे लिहिण्यातली जबाबदारी पातळ होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वर्णक्रमाने छापायच्या कोशाचे एक दुखणे आहे. ‘अ’ म्हातारा होतो तेव्हा ‘ज्ञ’ जन्माला येतो.

या दुखण्याचा अर्थ आमच्या जिल्ह्याला फार जवळून कळला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. हादरा इकडे जळकोट-उदगीरपर्यंत जाणवला. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. विश्वकोशाचा ‘भ’ किल्लारीच्या आधीच छापून झाला होता. कोणाचा दोष नाही, पण लातूर जिल्ह्यातल्या वाचनालयात भूकंपाची नोंद उघडणाऱ्याला तिच्यात लातूरच सापडणार नव्हते. माणसे मेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या माळवदाखाली. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली, मधे माती आणि खडी भरलेली. हादऱ्याने दोन बाजू फाकल्या आणि वरचे ओझे खाली आले. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घातला, छताखालून सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा घातला, तर तीच भिंत तग धरू शकते. भूकंपानंतर ही माहिती पुस्तिकांतून, गवंड्यांच्या प्रशिक्षणातून सांगितली गेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की तांत्रिक लेखन म्हणजे काही रुक्ष कारकुनी नव्हे. एक दगड आडवा घालायचा की उभा, हे वाक्य गवंड्याला समजेल अशा भाषेत वेळेवर लिहिले गेले की नाही, त्यावर घरातली माणसे अवलंबून असतात.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे तर प्रशिक्षण संस्थांच्या पाट्या बघा. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, वायरमनला तारतंत्री. यांतला कातारी हा आपला जुना, लाकूड कातणाऱ्याचा शब्द. मुलांनी तो हसत का होईना घेतला. ‘संधाता’ चाळीस वर्षांत माझ्यासमोर एकाही मुलाने उच्चारला नाही. फळ्यावर लिहायचा, प्रमाणपत्रावर छापायचा आणि तोंडाने वेल्डर म्हणायचे. शब्द वापरणाऱ्याने घडवला की टिकतो आणि वापरणाऱ्यासाठी घडवला की पाटीवर राहतो, असा माझा अनुभव आहे. चावडी आणि सांगकाम्या पहिल्या जातीचे.

विकिपीडिया म्हणजे सगळेच गोड, असे मात्र कोणी समजू नये. मराठीत लेखांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे, पण त्यांत गावांचे हजारो लेख एकाच साच्यातून काढलेले आहेत. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षके आणि पुष्कळ ठिकाणी खाली काहीच नाही. घर बांधून दारे-खिडक्या लावल्या आणि राहायला कोणी आलेच नाही, तशी ती पाने दिसतात. शिवाय स्थानिक पुढाऱ्यांची भलावण, जातीवरून खेचाखेच, हेही आहेच. तिथे त्याला ‘उत्पात’ म्हणतात. जमेची बाजू एवढीच की बदल करायला आवृत्तीची वाट बघावी लागत नाही. उदगीर भागातला एखादा म्हातारा उंबरठा न ओलांडता बीदर, उस्मानाबाद आणि १९८२ नंतर लातूर अशा तीन जिल्ह्यांत राहून आला. उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. गॅझेटियरच्या जुन्या खंडात हे येणार नाही. विकीवर जुने नाव टाकले तरी ती नव्या पानावर नेऊन सोडते.

आता माझ्या धंद्यातली अडचण. आमच्या भागात शेतीचे पाणी म्हणजे विहीर नाहीतर बोअर, आणि त्यात मोटार. मोटार जळणे हा शेतकऱ्याच्या वर्षातला एक ठरलेला सण आहे. ती भरून देणारा वाइंडर तालुक्याच्या गावी असतो. त्याच्याकडे एक वही असते. कोणत्या कंपनीच्या किती अश्वशक्तीच्या मोटारीला किती खाचा, एका गुंडीत किती वेढे, कोणत्या गेजची तार, गुंडी कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाते. जळालेल्या मोटारीचे जुने वेढे एकेक मोजून वीस-तीस वर्षांत ही वही तयार झालेली असते. ती तो कोणाला दाखवत नाही, पोराला सोडून. पोरगा पुण्याला नोकरीला गेला की वही रद्दीत. मी अशा दोन वह्या रद्दीत जाताना बघितल्या आहेत.

हे ज्ञान विकिपीडियावर घालता येत नाही. तिथला नियम असा की प्रसिद्ध झालेला संदर्भ द्या. वाइंडरच्या वहीला कोण संदर्भ मानणार? विकिपीडिया ही कृतिपुस्तिका नाही, असाही नियम आहे, आणि ज्ञानकोशापुरता तो रास्त आहे. हा पेच फक्त आपला नाही. अचल प्रभला यांनी २०११ मध्ये यावर एक माहितीपट केला. ज्या समाजांचे ज्ञान छापलेलेच नाही, त्यांच्या माणसांचे ध्वनिमुद्रित बोलणे संदर्भ म्हणून चालावे का, असा प्रश्न त्यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका भाषेच्या उदाहरणांनी विचारला. त्यावर पुष्कळ वाद झाला, नियम फारसा हलला नाही. पुस्तिकांसाठी विकिबुक्स नावाचा वेगळा प्रकल्प आहे, मराठीतही आहे, पण मराठीतल्या चावडीवर वर्दळ कमी.

म्हणून आम्ही कनिंगहॅमच्या मूळ वाटेने गेलो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विकिपीडिया ज्यावर चालतो तेच मोफत मिळणारे सॉफ्टवेअर दुकानातल्या जुन्या संगणकावर बसवून दिले. ज्ञानकोश नाही, आपली वही. लिहिणारे आम्ही सातआठ जण, त्यांतले चार वाइंडर. पहिले कित्येक महिने कोणी काही लिहिले नाही. आपला आकडा दुसऱ्याला का द्यायचा? मग एकाने एका जुन्या, मिळेनाशा झालेल्या मोटारीचे वेढे टाकले, त्याचा काहीच तोटा नव्हता म्हणून. दुसऱ्याने त्याच्या खाली लिहिले, ‘दोन वेढे जास्त आहेत.’ आणि वहीला तोंड फुटले.

तो वाद सांगण्यासारखा आहे. रात्री शेतीची लाइन येते तेव्हा लांबच्या डीपीवर व्होल्टेज पडलेले असते. मोटार उचलत नाही, नुसती गुरगुरते. म्हणून काही वाइंडर मुद्दाम वेढे कमी करतात आणि तार जाड घालतात, म्हणजे कमी व्होल्टेजवरही ती पाणी फेकते. दुसरे म्हणतात हे पाप आहे, कारण ज्या दिवशी व्होल्टेज पूर्ण येते त्या दिवशी तीच मोटार जास्त करंट खाऊन जळते. दोघेही आपापल्या गिऱ्हाइकांची उदाहरणे देत होते आणि दोघांचीही खरी होती. पुस्तकात याचे उत्तर नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने पूर्ण व्होल्टेज गृहीत धरलेले असते. एका पानावर दोघांना लिहावे लागले, तेव्हा हळूहळू लक्षात आले की वाद मोटारीचा नाही, डीपीचा आहे. एकाची गिऱ्हाइके लाइनच्या शेवटच्या टोकाची, दुसऱ्याची गावालगतची.

त्यानंतर त्या पानावर एक रकाना वाढला. मोटार भरायला आली की वाइंडर आता शेतकऱ्याला गाव आणि डीपी विचारतो, आणि जमेल त्याने रात्री स्टार्टरपाशी मीटर लावून आकडा घ्यायचा, तो तारखेसह नोंदवायचा, असे ठरले आहे. पानाच्या इतिहासात बघितले तर कोणत्या गावचा आकडा कोणी टाकला आणि कोणी बदलला ते दिसते. एका वाइंडरने आपला जुना आकडा स्वतःच कंसात टाकला आणि शेजारी लिहिले, ‘डीपी बदलला, परत मोजायचे.’ रकान्यात अजून निम्म्या गावांपुढे काही नाही. रब्बीची पाळी सुरू झाली की भरू, असे मंडळी म्हणाली आहेत.